पाणी वाढवणारा बशीरचाचा

बशीरचाचाच्या रश्श्यात मटणाचा तुकडा शोधायला पाणबुड्या उतरवावा लागतो, असं मी चारचौघांत सांगायचो. आणि त्यावर सर्वांत मोठ्याने हसायचा तो स्वतः बशीरचाचाच. उमेदीची सारी वर्षं बोटीवर स्वयंपाकी म्हणून घालवलेला माणूस. हाताला चव अशी, की आमच्या चौलात त्याने मसाला परतला तर पलीकडच्या नागावात ताटं मांडली जावीत! पण रश्श्याला उकळी फुटली की चाचा खिडकीतून गल्लीकडे बघायचा आणि टोपात तांब्याभर पाणी ओतायचा. पुन्हा बघायचा, पुन्हा ओतायचा. चाची आतून ओरडायची, "रस्सा करताव का समुंदर?"

"आमच्या पैगंबर रसूलनी सांगितलंय," चाचा शांतपणे म्हणायचा, "रस्सा करशील तवा पाणी जास्त घाल, शेजाऱ्याची याद ठेव. मी फक्त ऐकतो."

मग डबे घेऊन स्वारी दारोदार. गंमत म्हणजे डबा आपण घ्यायचा आणि "मेहेरबानी" चाचाने म्हणायचं! मी एकदा उलट आभार मानले, तर माझ्यावरच खेकसला, "तू घेतलंस म्हणून मना सवाब मिलला, पुन्य मिललं. शुकर मी करायचा का तू?"

चाचा जाऊन दोन वर्षं झाली. मला मात्र तो आठवतो तो त्या मोठ्या वादळानंतरच्या आठवड्यातला.

आमच्या गल्लीतल्या गजाननभाऊंची पोफळीची वाडी एका दुपारीत आडवी झाली होती. स्वयंपाकघराचं छप्पर शेगडीवर कोसळलं; उरली ती पडवी. भाऊ माळकरी आणि कमालीचे मानी. कुणी जेवण नेलं की, "आमचं झालं," म्हणून परत पाठवायचे. झालेलं काय, तर भिजवलेले मूठभर पोहे. वहिनींना साखरेचा आजार, त्यांना दोनदा चक्कर आली, तरी भाऊंचं एकच, "आजवर कुनापुढं हात पसरला न्हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचा त्यांच्या पडवीसमोर उभा. डोक्यावर मुलीच्या लग्नातला कोरा टोप, ज्याला कधी गोश्त लागलं नव्हतं. हातात तूरडाळ, आणि चेहऱ्यावर जगाचं दुःख.

"भाऊ, माझ्या चुलीत पाणी शिरलंय. तुझ्या पडवीत चूल मांडू देशील? गल्लीतली मान्सं उपाशी हायत."

मी थक्क! कालच त्या चुलीवरचा चहा प्यायलो होतो. चाचाला बाजूला ओढून म्हटलं, "पाच वेळा नमाज पढतोस आणि असं खोटं?"

"खोटं कुठं? दाराखालून आलं होतं थोडं. मी त्यात पाणी वाढवलं, इतकंच."

झालं! गावच्या नाटकात काम करणारा मी, साक्षीदाराची भूमिका आयती मिळाल्यावर गप्प बसतो होय? "गुडघाभर पाणी, भाऊ!" मी हात पसरले. "चुलीत हा एवढा खेकडा बसलाय!"

भाऊंनी पडलेल्या पोफळीची लाकडं स्वतः फोडून दिली. डाळ शिजली, गल्ली जमली. सर्वांना वाढून झाल्यावर यजमान या नात्याने भाऊही वहिनींसोबत पानावर बसले. पहिल्या घासाला वहिनींनी डोळे मिटले. भाऊंनी मात्र वाटी तोंडाला लावली आणि कपाळाला आठी घातली. "चाचा, डाळ हाय का आंघोळीचं पाणी?" तीन दिवसांनी माणूस जेवत होता आणि वर नावं ठेवत होता, चाचाचा चेहरा ईदच्या चंद्रासारखा उजळला.

पण माझा खेकडा नडला. हात धुऊन भाऊ उठले, "एवढा खेकडा? बघूनच येतो," म्हणत थेट चाचाच्या घरात शिरले. तिथे चाची कोरड्या ठणठणीत चुलीपुढे मुलाबाळांसाठी भाकऱ्या थापत होती.

भाऊ परतले तेव्हा चाचाच्या हातातला डाव थांबला. वहिनींनी पान बाजूला सारलं. उद्या या पडवीत चूल पेटणार नाही, हे आम्ही तिघांनीही ओळखलं.

भाऊ चाचासमोर येऊन उभे राहिले. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चाचा, पानी लई हाय रे तुझ्याकडं. आठ दिवस तरी उतरायचं न्हाय."

 विझत आलेली लाकडं बशीरचाचाने उगाच सारखी केली, आणि हळूच म्हणाला, "मंग उद्यासाठी डाळ आनाया पायजे."