मैनाबाईंच्या वजनाची स्प्रिंग

वलगावच्या खुशालरावांनी अर्धं आयुष्य अमरावतीला दूध पोचवण्यात घालवलं. मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, आणि त्यांच्याखाली अकोल्याहून आणलेली जुनी मोटरसायकल. गाडी घेतली तेव्हाच त्यांनी मागच्या शॉकअपला जाड स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. गाडी टणक झाली, पण ओझ्याखाली कधी दबली नाही. पुढे म्हशी विकल्या, कॅन उतरले. स्प्रिंगा तशाच राहिल्या.

आता त्याच गाडीवर बायकोला, मैनाबाईंना, न्यायचं होतं. त्यांचा पाठीचा मणका दबला होता. महिनाभर रोज अमरावतीला येऊन व्यायाम केला नाही तर डावा पाय कायमचा लुळा पडेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जाता-येता दणके मात्र बसायला नकोत. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती, ऑटोच्या दाटीत बसणं जमत नव्हतं आणि रोज वेगळी गाडी करण्याची ऐपत नव्हती.

"गाडी नरम करतो," खुशालराव म्हणाले. "लेकराच्या पायन्यावानी."

"तुमी अन् नरम!" मैनाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "करा, पायते."

त्यांनी अकोल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात हिंडून पातळ स्प्रिंगांचे शॉकअप शोधून आणले. अमरावतीच्या किशोर मिस्त्रीने ते बसवले, पुढच्या शॉकअपचं तेल बदललं, स्प्रिंग कमी-जास्त आवळायच्या खाचांपैकी सगळ्यात सैल खाचेवर ठेवली आणि बजावलं, "काकाजी, आता याले हात नोका लावू."

पण घरी आल्यावर खुशालरावांना राहवेना. गाडीची परीक्षा घेण्याची त्यांना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी जुने कॅन काढले, पाण्याने भरले, लटकवले आणि गावाबाहेरच्या गतिरोधकावर गाडी घातली. मागून ठक्क आवाज आला, पाणी सांडलं. त्यांनी पाना घेऊन एक खाच आवळली. पुन्हा फेरी, पुन्हा एक खाच. अखेर झाकण उघडं ठेवूनही थेंब सांडला नाही.

शेजारचा श्याम फाटकात उभा राहून पाहत होता. "काका, काकूले न्याचं हाय का पानी इकाचं हाय?"

"तुले नाही समजत. एवढं पानी हाललं नाही, तं काकू काय हालन?"

दुसऱ्या दिवशी मैनाबाई बसल्या. पहिल्याच गतिरोधकावर मागचं चाक उडालं आणि त्यांची बोटं खुशालरावांच्या खांद्यात रुतली. त्या ओरडल्या नाहीत. "घरी चला," एवढंच म्हणाल्या.

त्यांना खाटेवर निजवून खुशालराव थेट किशोरकडे गेले. किशोरने वाकून पाहिलं. "हे कोनं आवळलं?"

खुशालरावांनी पाण्याची हकीकत सांगितली. किशोर हसला नाही. "काकूचं वजन किती?"

"अडतीस किलो."

"अन् तुमी पान्याच्या दोन कॅनीवर गाडी जमवली!" त्याने साऱ्या खाचा सैल केल्या, हाताने सीट दाबून पाहिली. "याच्याहून नरम होत नाही, काकाजी. स्प्रिंग दबाले वजन लागते. काकूत तेवढं उरलंच नाही."

"मंग काय करू?"

किशोर चिंधीला हात पुसत राहिला.

तरी सकाळी ते निघाले. खुशालराव खड्डे चुकवत सायकलच्या वेगाने गाडी चालवत होते. अर्ध्या वाटेवर, जवळपास घर नाही की दुकान नाही अशा ठिकाणी मैनाबाई म्हणाल्या, "थांबा."

ते थांबले. स्टँड लावावं तर गाडी डावीकडे कलणार, आणि मैनाबाई डावीकडेच पाय सोडून बसलेल्या.

"उतरतं का?"

"उतरता येत नाही."

"मंग हयूहयू नेतो पुढं."

"नोका."

"वापस फिरू?"

"नोका ना, अवो. हालवूच नोका."

खुशालरावांनी दोन्ही पाय डांबरावर रोवले, हँडल घट्ट धरलं. मान वळवली तरी गाडी हलेल म्हणून त्यांना तिचा चेहराही पाहता येईना. तिने कपाळ त्यांच्या पाठीला टेकलं होतं; सदरा ओला होत होता. तेवढ्यात मागून ट्रकचा आवाज आला. रस्ता थरथरू लागला. तो हादरा वर तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून खुशालराव उभ्याच गाडीचा ब्रेक आवळत गेले, जोर होता तेवढा आवळत गेले.