आत्याचा समुद्र

आमच्या दुकानात खरं म्हणावं असं फारसं काही नाही. जुन्या नकाशांच्या नकला छापखान्यातून नुसत्या काळ्या रेषांत येतात. आत्या त्या रंगवते, बाबा फ्रेम करतात आणि लोक त्या सोफ्याच्या वर टांगतात. "नकाशा खरा आहे का हो?" असं कुणी विचारलं, की बाबा म्हणतात, "काच खरी आहे. पडली तर फुटते."

आत्याला असले विनोद चालत नसत. नाकावर माशी बसू द्यायची नाही ती. केसाएवढ्या ब्रशने देशांच्या सीमा अशा रंगवायची, की गुलाबी कधी हिरव्यात घुसला नाही. आईचं आणि तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. "वहिनीला साधा पडदा सरळ शिवता येत नाही," हे आत्याचं लाडकं वाक्य.

मागच्या वर्षी आत्या आजारपणातून उठली, ती उजव्या हाताला थरथर घेऊनच. वाढणार नाही, पण जाणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्याच नकाशात तिची लाल सीमा डोंगर ओलांडून शेजारच्या देशात शिरली. "युद्ध पेटलं वाटतं," बाबा म्हणाले. कुणीच हसलं नाही. तेव्हापासून तो हात स्वेटरच्या खिशात गेला, भर उन्हाळ्यातसुद्धा.

बाबांनी भल्या हेतूने छापील रंगांचे नकाशे मागवले. ते पाहून आत्या एवढंच म्हणाली, "मग मलाही फ्रेम करून टांग, दादा." मला रडू आवरेना. रंगांशिवाय तिला दुसरं होतं काय?

शेवटी आईच कोरा नकाशा घेऊन तिच्यासमोर बसली.

"वन्सं, सीमा मी ओढते. तुम्ही पाणी भरा. पाण्याला कुठं सरळ राहायचं असतं?"

"तू? आणि सीमा?"

"शिकवा की मग. बोलायला तर हात लागत नाही."

आत्या चिडली, आणि चिडली म्हणूनच शिकवायला बसली. श्वास सोडत रेघ ओढ, ब्रश दाबू नकोस, अगं त्या बिचाऱ्या देशाने तुझं काय वाकडं केलंय! दोघी दिवसभर भांडत होत्या. किती दिवसांनी घर घरासारखं वाटलं! आणि भांडता भांडता आत्याने खिशातून हात काढून किनाऱ्यालगत निळ्या रेषा ओढल्या. थरथरीने प्रत्येक रेघेला बारीक लाट आली. तिला ते मुळीच आवडलं नाही. बाबांनी मात्र तिला न विचारता तो नकाशा फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावला.

"काढ ते आधी! लोक हसतील," ती कडाडली. हात पुन्हा खिशात.

बाबा स्टूल शोधत होते, तेवढ्यात एक बाई आत आल्या आणि त्या नकाशासमोरच उभ्या राहिल्या.

"यातलं पाणी हलतंय हो," त्या म्हणाल्या. "कुणी रंगवलंय?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. मीही. आई आतल्या दारात ब्रश धरून उभी.

आत्याने खिशातून हात काढला आणि काउंटरवर ठेवला. तो इतका थरथरत होता, की शेजारचा किल्ल्यांचा जुडगा वाजायला लागला. तिने हात मागे घेतला नाही.

"ह्यानं," ती म्हणाली. "आणि सीमा आमच्या वहिनीच्या."