कान झाकून पाहिलेला सिनेमा

"लांडगा वाजंत्री घेऊन येत नसते," हे बाळापूरकडच्या नत्थुजींचं उठता-बसता बोलणं. काळ्या मातीत जन्म गेलेला माणूस. बोलणं थोडकं, पण चटका देणारं.

अठ्ठावन्न सालच्या चैतात गावची माणसं लग्नाचं कापड घ्यायला अकोल्याला गेली आणि दुपारच्या खेळाला टॉकीजमध्ये शिरली. सिनेमा इंग्रजी. पुनवेला माणसाचा लांडगा होतो, एवढंच सगळ्यांना कळलं. व्हायोलिनं किंचाळली की अख्खी टॉकीज खुर्चीवर पाय घेऊन बसे. गावचे मोठे शेतकरी खुशालराव, त्यांनी तर दुपट्टा डोळ्यांवर ओढला. नत्थुजींनी त्यांना सांगितलं, डोळे नाही, कान झाका. स्वतः कानांत बोटं घातली आणि खदाखदा हसले. आवाज गेल्यावर पडद्यावर उरला तोंडाला बैलाच्या शेपटीचे केस डकवलेला एक गोरा साहेब. गालावर केस वाढत होते आणि दर खेपेला त्याच्या उशीची सुरकुती जागा बदलत होती, म्हणजे मधेच कॅमेरा थांबवून केस चिकटवलेले. मागच्यांनी नत्थुजींना दटावून गप्प केलं. हौसेनं भ्यायला आलेल्यांना हसणारा माणूस खपत नाही.

त्याच दिवसांत देवमन धनगर गावात उतरला होता. त्याची मेंढरं रात्री वावरात बसत. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, ज्वारी देवमनला. त्यावरच त्याचं घर चाले. त्याच्या गालांवर, कानांवर दाट केस. पुनवेला मेंढरं खुशालरावांच्या वावरात बसली आणि खुशालरावांचीच बकरी गेली. झालं. सिनेमा पाहून शहाणी झालेली माणसं चावडीवर जमली. पुनवेचा लांडगा हाच, म्हणून देवमनला शिवारातून काढायचं ठरलं. माझीही दोन कोकरं गेली, असं तो हात जोडून सांगत होता. कोण ऐकतो?

नत्थुजींनी विचारलं, "खुशालराव, बकरी गेली तवा तुमी कुठी होते?"

"वावरातच. खाटीवर."

"मंग काही ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"कसं येईन? तुमाले भेव वाजंत्रीचं. खरा लांडगा खाटीखालून गेला, अन् तुमी घोरून राहिले."

कुणीतरी फिसकन हसलं. खुशालराव तापले. "त्याच्या कानावरचे केस पाहा, नत्थुजी."

"माह्याबी कानावर हायेत. मलेबी हाकला."

हाकलायला कुणी उठलं नाही. नत्थुजींनी काठी उचलली. "चाल देवमन. माह्या वावरात बसव."

धूळ उडवत कळप पांदीच्या वाटेला लागला. पुढं नत्थुजी, मागं देवमन. चावडीच्या ओट्यावरून खुशालराव बघत राहिले. औंदाचं खत दुसऱ्याच्या वावरात चाललं होतं.