जमिनीत लावलेला कढीपत्ता

स्पेनमधल्या आमच्या घरी आज परत आलो, तर कढीपत्त्याची कुंडी रिकामी. रोप मात्र भिंतीलगत, थेट जमिनीत उभं, कोवळी पालवी फुटलेलं. आमच्या मागे पाणी घालणाऱ्या शेजारच्या आजीबाईंचं हे काम. मुळांना जागा हवी, असं त्या कुंपणापलीकडून हसत, हातवारे करून सांगत होत्या.

आमच्या हिने ते, कधीही उचलता यावं म्हणून, मुद्दामच कुंडीत ठेवलं होतं. निवृत्तीनंतर पुण्यातला फ्लॅट विकून हे घर घेतलं, तेव्हा घर आपलं म्हणजे राहणंही आपलं, असं मी धरून चाललो होतो. अंगण आमच्या नावावर आहे, व्हिसा पाहुण्याचा. तीन महिने झाले की कुलूप लावून पुण्यात मेहुण्याकडे जायचं आणि पुढचा व्हिसा मिळेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. एखाद्या वेळी नाही म्हणाले तर? या वयात माणूस पुन्हा रुजतो की नाही, ठाऊक नाही. मला भीती वाटते ती रुजल्यानंतरची.

हिने वाकून रोप हलवून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आता हे उपटलं तर मरेल."

बॅग अजून दारातच होती. ती आत न्यायचा मला धीर होईना.