दुपारचा आवाज

बाबा रात्रपाळीचे वॉचमन. दुपारी ते झोपायचे, म्हणून आमच्या एकाच खोलीत भांडंसुद्धा वाजत नसे. मी सगळा अभ्यास ओठ मिटून केला. घरातली पहिली पदवीधर झाले, ती अशी.

नोकरीची मुलाखत दुपारीच होती, लॅपटॉपवर. "मनात नको, मोठ्याने विचार करत कोडं सोडवा," साहेब म्हणाले. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज फुटेना.

"माइक बंद आहे का?"

माइक चालू होता. इतकी वर्षं गप्प राहणं हेच शहाणपण होतं; आता तेच मला बुडवणार होतं.

मागून, पांघरुणातून बाबा म्हणाले, "बोल की गं मोठ्यानं! मी कुठं झोपलोय?"

मी बोलले. नोकरी मिळाली.