बाईंच्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या बाईंना गावात सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. एकोणतीस वर्षांत त्यांनी इतक्यांना गाडी शिकवली होती की चौकात उभं राहून त्यांनी हाक मारली असती, तर अर्धी वाहतूक कचकन थांबली असती. डॉक्टर, पोस्टमन, बँकेतले साहेब, साहेबांची बायको आणि नंतर साहेबांची सूनसुद्धा, सगळ्यांनी बाईंचा ओरडा खाल्लेला. शिकले नाहीत ते एकटे बाईंचे यजमान. लग्नानंतरच्या वर्षी बाईंनी त्यांना एकदा स्टिअरिंगसमोर बसवलं होतं. ती शिकवणी अकरा मिनिटं चालली, आणि त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

बाईंची गाडी चौदा वर्षांची होती. शिकवायच्या गाडीला असतात तशी तिला ब्रेकची दोन पेडलं होती. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरं शेजारी बसणाऱ्या बाईंच्या पायाशी. कुणीही दाबलं तरी ब्रेक लागायचा तो एकच. शिकणारा गडबडला की बाई आपलं पेडल दाबत, गाडी थांबे, आणि मग खिडकीच्या काचा हादरतील असं काहीतरी त्या बोलत.

तर या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आठ महिन्यांत संपले. एरवी ते पावणेदोन वर्षं सहज जायचे. आधी करकर सुरू झाली, मग धातूवर धातू घासल्याचा आवाज, आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. भेसळीचा माल, दुसरं काय! त्यांनी गाडी तडक दुकानावर नेली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना कुणावर तरी चिडायचंच होतं. आदल्या दिवशी सिस्टर दुसऱ्यांदा नापास झाल्या होत्या. सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या नर्स, वय चाळीस, शांत स्वभावाच्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन तपासायचं काम दवाखान्यानं नव्यानं काढलं होतं. रात्रपाळ्या करून करून थकलेल्या सिस्टरना ते हवं होतं. गाडी दवाखान्याची, पण चालवायची आपली आपण. महिनाअखेरपर्यंत लायसन्स मिळालं तर काम त्यांचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. पाच महिने त्या बाईंकडे शिकत होत्या. आणि परीक्षकानं दोन्ही वेळा कागदावर तेच दोन शब्द लिहिले होते: ‘ब्रेक उशिरा’.

“माझ्याबरोबर असताना ही बाई एकदाही उशिरा ब्रेक लावत नाही,” असं बाईंनी परीक्षकाला तोंडावर सांगितलं होतं. परीक्षकही एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं मान खाली घातली, पण शेरा काही बदलला नाही. वर्षभरात असे चार जण नापास झाले होते. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून चार झाले नव्हते. आपलं शिकवणं संपत आलं की काय, ही भीती बाईंच्या मनात घर करून होती. ती त्यांनी यजमानांनाही सांगितली नव्हती.

सुट्या भागांच्या त्या दुकानाचे मालक गावात ‘भिंगवाले’ म्हणून ओळखले जात. गल्ल्यापाशी सुतळीला बांधलेलं एक भिंग असे, आणि जुना भाग त्या भिंगाखालून गेल्याशिवाय ते नव्याचा खोका उघडत नसत. दुकानामागेच पत्र्याची शेड होती. तिथे ते स्वतः गाडीखाली शिरत. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ समोरच्या दुकानाचा रस्ता दाखवत.

“भाऊ, या वेळी कडक पॅड द्या,” बाई गल्ल्यावर हात टेकून म्हणाल्या. “टॅक्सीवाले घालतात ते. मला तीन वर्षं बघायला लागू नये.”

“कडक पॅड टिकतो, पण चाकाच्या ज्या डिस्कवर घासतो तीच खातो,” भिंगवाले म्हणाले. “आणि नीट तापल्याशिवाय तो धरत नाही. तुमची गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाते कधी? शिकणारा पाय दाबेल आणि गाडी पुढे जात राहील. तुम्हाला मऊच हवा. लवकर झिजला तरी हरकत नाही, पण पाय ठेवल्याठेवल्या लागला पाहिजे.”

“मऊ घेऊन काय झालं ते दिसतंयच की!”

भिंगवाल्यांनी गाडी शेडमध्ये घेतली, चाकं उतरवली, आणि हात लावलाच आहे तर म्हणून इंजिनाच्या कडेचं झाकणही काढून बघितलं. बऱ्याच वेळानं ते टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर, बोट ठेवून उभे राहिले.

“हा कधी बदलायचा?”

“त्याला अवकाश आहे. गाडीच्या पुस्तकात साठ हजार किलोमीटर लिहिलंय. माझे बावन्नच झालेत.”

“पुस्तक लिहिणाऱ्यानं तुमची गाडी कुठे पाहिली होती? ही अर्धा वेळ चौकात उभी राहून थरथरत असते. गाडी थांबली की किलोमीटर थांबतात, इंजिन थांबत नाही. आणि हा बेल्ट फिरतो इंजिनाबरोबर.” त्यांनी बेल्ट जरासा वळवून दाखवला. दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा होत्या, टाचेला पडतात तशा. “ब्रेकचं एक बरं असतं, तो ओरडतो. हा मूग गिळून बसतो. एक दिवस तुटतो आणि इंजिनाला बरोबर घेऊन जातो.”

बेल्ट तपासून घ्यायचं काम बाईंनी दोनदा पुढे ढकललं होतं. त्या जरा वरमल्या. बेल्ट एकटा नको, त्याच्यासोबत फिरणारी पुली आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनरही त्याच वयाचे झालेत, तिन्ही एकदम बदलू, असं भिंगवाले म्हणाले. बाईंनी मान हलवली. पण पॅडचा मुद्दा काही त्या सोडेनात. ज्यानं तो माल पुरवला त्याचं नाव सांगा, मी बघते त्याच्याकडे, असं सुरू झालं.

तेव्हा भिंगवाले शेडमध्ये गेले आणि पेडलांवरची दोन्ही रबरं काढून घेऊन आले. फडक्यानं पुसून त्यांनी ती गल्ल्यावर शेजारीशेजारी ठेवली.

“ही दोन्ही मी मागच्या पॅडांबरोबरच, एकाच दिवशी बसवली होती. एक शिकणाऱ्याच्या बाजूचं, एक तुमच्या. आता ओळखा बघू कुठलं कुणाचं.”

एका रबरावरच्या रेघा दुकानातून नेल्यासारख्या ठसठशीत होत्या. दुसरं गुळगुळीत झालं होतं, आणि एका कोपऱ्यात तर आरपार भोक पडलं होतं.

“त्यात काय ओळखायचंय?” बाई म्हणाल्या. “हे झिजलेलं शिकणाऱ्यांचं. किती जणांचे पाय लागलेत त्याला.”

“नाही बाई. ते तुमचं आहे.”

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी ते रबर उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. भिंगवाल्यांनी भिंग पुढे केलं नाही. त्याची गरज नव्हती.

वर्षापूर्वी काय झालं होतं ते बाईंना आठवायला लागत नसे, कारण ते विसरलंच जात नव्हतं. भाजीबाजाराच्या वळणावर एका शिकाऊ मुलाच्या हातून गाडीचा धक्का हातगाडी ढकलणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना लागला होता. बाईंचा पाय डोळ्याचं पातं लवण्याइतका उशिरा पडला होता. गृहस्थांचं मनगट मोडलं. बाई दीड महिना रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जात होत्या. गृहस्थ बिचारे भले, त्या दिसल्या की प्लॅस्टरमधला हात वर करून म्हणत, “या, तुमचीच सही राहिलीय यावर.” मनगट जुळलं. म्हातारबुवा पुन्हा हातगाडी ढकलू लागले. बाईंचा पाय मात्र तेव्हापासून पेडलावरून उठलाच नव्हता, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

सिस्टर माझ्याबरोबर वेळेवर ब्रेक लावतात, असं आपण त्या परीक्षकाला ठणकावलं होतं. त्या कधी लावतच नव्हत्या! त्यांचा पाय हलायच्या आत गाडी मंदावलेली असायची. पाच महिने त्यांना गाडी आपली आपण थांबते असंच शिकवलं गेलं, आणि परीक्षेच्या दिवशी ती थांबली नाही.

“माझं पेडल काढूनच टाका,” बाई म्हणाल्या.

“आणि शिकवणार कशा? उद्या खरंच गरज पडली तर?” भिंगवाल्यांनी वरच्या फळीवरून काडेपेटीएवढा एक डबा काढला. “हा भोंगा लावून घ्या. तुमच्या बाजूचं पेडल दाबलं की वाजतो.”

“म्हणजे माझ्याच गाडीत माझ्यावर चुगलखोर बसवता?”

“चुगली तर रबरानंही केली. पण त्याला आठ महिने लागले.”

बाईंनी मऊ पॅड घेतले, बेल्ट घेतला, पुली आणि टेन्शनर घेतले, दोन नवी रबरं घेतली. भोंगा भिंगवाल्यांनी न विचारताच बसवला.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्राची घडी घालत ऐकत होते.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “बसमध्ये तुझा पाय चालू असतो. परवा मी गरम चहा घेऊन वळलो, तर तू टेबलाखाली ब्रेक मारलास.”

“अहो, मग बोलला का नाहीत?”

“मी अकरा मिनिटांचा विद्यार्थी. मी काय बोलणार?”

बाईंना हसू आलं आणि त्यातच डोळेही भरून आले. यजमानांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या दिवशी चहा त्यांनीच केला, आणि टेबलापर्यंत अगदी सावकाश आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या, तेव्हा बाईंनी गाडी सुरूच करू दिली नाही. “सिस्टर, दोन्ही वेळा तुम्हाला मी नापास केलंय,” म्हणून त्यांनी रबराची गोष्ट सांगितली. माफी मागायची बाईंना मुळीच सवय नव्हती, त्यामुळे ती मागतानाही त्या जरा रागावल्यासारख्याच वाटत होत्या.

“मला वाटायचं ही गाडी स्वभावानंच सावध आहे,” सिस्टर म्हणाल्या. मग त्यांचाही आवाज चढला. “पाच महिने, बाई! रात्रपाळी करून यायचे मी!”

“हो,” बाई म्हणाल्या.

सिस्टरनी किल्ली फिरवली. “परीक्षेला दोन आठवडे आहेत. चला.”

पहिल्या दिवशी तासाभरात भोंगा एकतीस वेळा वाजला. त्याचा आवाज इतका भसाडा होता की रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघत. बाईंच्या कानशिलांवर घाम आला. आपला पाय आपल्याला न विचारता जातो, हे त्यांना प्रत्येक आवाजाला नव्यानं कळत होतं. सिस्टरचीही पाचावर धारण बसली, कारण आता भोंगा वाजला नाही की गाडी खरोखरच पुढे जात होती. दोघींनी दोनदा ठरवलं की आता पुरे, आणि दोनदा पुन्हा निघाल्या. आठवड्यानं भोंगा नऊवर आला. बाजाराच्या वळणावर मात्र तो रोज वाजे. तिथे म्हातारबुवांची हातगाडी उभी असायची, आणि ते बाईंना हात करायचे, मोडून जुळलेल्या मनगटाचाच. परीक्षेच्या आदल्या दिवशीही तो तिथे एकदा वाजला. “एकच,” सिस्टर म्हणाल्या.

परीक्षेत बाईंच्या जागेवर परीक्षक बसतो, गरज पडली तर तिथलं पेडल तोच दाबतो, आणि बाईंना बाहेर थांबावं लागतं. मैदानाच्या कडेला कुंपण होतं आणि आत खडी अंथरलेली होती. बाई कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. गाडी चढावर थांबली, निघाली, मागे आली, मग फाटकातून रस्त्यावर गेली आणि दिसेनाशी झाली. बाजाराकडेच गेली होती. बाई कान देऊन ऐकत राहिल्या. एक टेम्पो वाजला, कुणाची तरी सायकल किणकिणली. भोंग्याचा आवाज आला नाही. पण बाजार लांब होता, आला असता तरी इथवर ऐकू आला असता का, हे त्यांना सांगता येईना.

वीस मिनिटांनी गाडी परत आली आणि आखलेल्या रेघेच्या हातभर अलीकडे, अजिबात धक्का न देता थांबली. परीक्षक उतरला. कागदावर काहीतरी लिहीत बाईंपाशी आला.

“बाई, तुम्ही भोंगा बसवलाय म्हणाला होता ना? बिघडलाय तो. पूर्ण चक्कर झाली, सिस्टरनी इतक्यांदा ब्रेक लावला, तरी एकदाही वाजला नाही.”

बाई गाडीच्या दारातून आत वाकल्या आणि त्यांनी हातानं आपलं पेडल दाबलं. भोंगा असा काही भसाड्या आवाजात वाजला की परीक्षक दोन पावलं मागे सरला.

“चांगला आहे,” बाई म्हणाल्या.

सिस्टरनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे बाईंना दिसलं नाही, कारण त्यांना स्वतःलाच नीट दिसत नव्हतं. परीक्षकानं ‘पास’ लिहिलेला कागद वहीतून फाडून सिस्टरच्या हातात दिला आणि मग तो कुंपणाकडे बघायला लागला.

“बाई, तुम्ही तिथे उभ्या होता?”

बाईंनी वळून बघितलं. त्या जिथे उभ्या होत्या तिथली खडी पार बाजूला सरली होती, आणि खालच्या मातीत उजव्या पायाचा चांगला चार बोटं खोल खड्डा पडला होता.