दारू सुटताना

दारू पिऊन केलेल्या प्रतापांचे किस्से कुठल्याही गल्लीत मिळतील. दारू सुटतानाचे मात्र आम्हा तिघींकडेच साठलेत. सोलापुरातल्या एका दवाखान्यात, व्यसनमुक्ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर आमची ओळख झाली. मी एसटी कंडक्टरची बायको, शाहिदाभाभी टेम्पोवाल्याची, लक्ष्मी विणकराची. अजूनही भेटलो की एकीला एक आठवतं, त्यावरून दुसरीला दुसरं.

*

आमच्या ह्यांनी तर घरीच सोडली. एका झटक्यात! दुसऱ्या दिवशी हातातली कपबशी अशी वाजायला लागली की शेजारीण डोकावली. घामानं बनियन चिंब, डोळ्याला डोळा नाही. आणि मग फिटच आली.

डॉक्टर म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडायची नसते. जिवावर बेततं. आधी इकडं आणायचं."

मी म्हटलं, "मी तर नवस फेडायला निघाले होते की हो!"

*

शाहिदाभाभीच्या नवऱ्याला चादरीवर मुंग्या दिसायच्या. बिचारा अंग ओरबाडायचा. भाभी चादर झटकायची, पुन्हा झटकायची.

सिस्टर वैतागली, "भाभी, तिथं काही नाहीये!"

"मालूम है सिस्टर. पन उनकू काट रे ना!"

*

लक्ष्मीचा नवरा नरसय्या यंत्रमागावर टॉवेल विणायचा. वॉर्डात पडल्या पडल्या तो हवेतच तुटलेले धागे सांधायचा. लक्ष्मीनं हात धरला की चिडायचा. एका दुपारी तिनं हात सोडून दिला आणि आपली दोन बोटं पुढं केली. तेलुगूत म्हणाली, "द्या, हे टोक मी धरते."

गाठ बसली. नरसय्या झोपला.

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. लक्ष्मी म्हणाली, "पडलं असंल. पण टोक मी धरलं होतं!"

*

डॉक्टर रोज विचारायचे, "कुठं आहात? आज वार कोणता?" नरसय्या कधी मागावर असायचा, कधी कुणाच्या लग्नात. एक दिवस तो भडकला.

"सोलापुरात हाय, दवाखान्यात हाय, आज गुरुवार हाय! रोज तेच विचारताय, तुमालाच कुणाला तरी दाखवा की!"

डॉक्टर हसत सुटले. लक्ष्मी भिंतीकडं तोंड करून रडली.

*

आमचे हे आता पुन्हा ड्युटीवर जातात. बाकीचे किस्से ऐकून हसतात. हा एक मी त्यांना अजून सांगितलेला नाही.

एका सकाळी हे खाटेवर उठून बसले. "मंगळवेढा, मंगळवेढा! पुढं सरका, पुढं!" करत शेजारच्या पेशंटला तिकीट विचारलं, सिस्टरला विचारलं. मग नजर माझ्यावर आली. त्या नजरेत ओळख नव्हती.

"कुटं जायचं, बाई?"

तोंडातून निघून गेलं, "घरी."

"एक?"

"दोन द्या. मालक हायत संगं."

ह्यांनी माझ्या मागं वाकून बघितलं. कुणी नव्हतं. थरथरत्या अंगठ्यानं हवेतलं मशीन दाबलं, तिकिटं फाडली, माझ्या तळहातावर ठेवली.

"बसा, बाई. येऊ द्या त्यास्नी. तवर घंटी मारत न्हाय."